केरूनाना छत्रे आणि रात्री दीडचा मेसेज

मागच्या सेमिस्टरला आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून एका दवाखान्याचं अपॉइंटमेंट कॅलेंडर केलं. दवाखाना मानखुर्दचा, माझ्या घराजवळचा. टेबलं तयार होती, पेशंटची नावं, नंबर, वेळा सगळं नीट भरलं होतं. फक्त एक गोष्ट जोडायची होती: आदल्या रात्री ८ वाजता आपोआप मेसेज जायला हवा, की उद्या तुमची वेळ आहे. वीस ओळींचं काम. केलं, लावलं आणि झोपलो.

सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं होतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याचे रात्रीचे ८ म्हणजे मानखुर्दला रात्रीचा दीड, आणि तोवर आपल्याकडे तारीखही उलटलेली. ११ तारखेच्या पेशंटना ११ च्याच रात्री दीडला मेसेज गेले की उद्या सकाळी १० ला या. काहींनी झोपमोड झाली म्हणून शिव्या घातल्या. एक आजी मात्र मेसेजवर विश्वास ठेवून १२ ला आल्या आणि तासभर बसून परत गेल्या. त्यांचं इंजेक्शन चुकलं. व्हायवाला हा किस्सा सांगितल्यावर सर हसले, आणि म्हणाले की केरूनाना छत्र्यांबद्दल वाचा, तुमचाच बग त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर भोगलाय.

मित्रांनो, हे नाव मी तोवर फक्त टिळकांचे गुरू म्हणून ऐकलं होतं.

केरो लक्ष्मण छत्रे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. लहानपणीच आईवडील गेले, मग शिक्षणासाठी मुंबई. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बाळशास्त्री जांभेकर आणि ऑर्लेबार हे त्यांचे शिक्षक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, तोपर्यंत केरूनाना स्वतःच शिक्षक झाले होते. म्हणजे ज्या माणसाने पुढे कॉलेजात गणित शिकवलं त्याच्याकडे डिग्री नव्हती. (कँपसमधल्या मित्रांनी याचा गैरफायदा घेऊ नये!)

पोरवयातच त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी लागली. ही वेधशाळा कंपनी सरकारने १८२६ साली बांधली, जहाजांची घड्याळं बिनचूक लावता यावीत म्हणून. पुढे ऑर्लेबारांच्या हाताखाली तिथे चुंबकीय आणि हवामानाची निरीक्षणं सुरू झाली. काम काय, तर ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मग पुन्हा पुढची वेळ. पाऊस असो, झोप येवो, आकडा चुकवायचा नाही. आज हे सेन्सर आणि डेटा लॉगर करतो, तेव्हा केरूनाना करत होते, आणि थोडीथोडकी नाही, दहाएक वर्षं. माझ्या मते त्यांचं खरं इंजिनिअरिंग इथेच झालं. वहीत लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकाश यात फरक पडला तर वही चूक, हे त्यांच्या अंगात मुरलं.

तिथून ते पुण्याला आले. मराठी शाळांसाठी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली, पुढे पूना कॉलेजात, म्हणजे नंतरच्या डेक्कन कॉलेजात, आणि इंजिनिअरिंग कॉलेजातही गणित शिकवलं. टिळक त्यांच्या हाताखाली गणित शिकले ते डेक्कनमध्ये. रावबहादूर ही पदवी मिळाली. नोकरीतली ही वर्षं चरित्रकारांना प्रिय, पण मला पंचांगाकडे वळायची घाई आहे.

कारण पंचांग हे घरोघरचं रिमाइंडरच. एकादशी कधी, संकष्टीला चंद्र किती वाजता, ग्रहणाचा स्पर्श कधी आणि मोक्ष कधी. त्यावरून माणसं उपास धरायची, आंघोळीला जायची, लग्नं ठरवायची. आणि या रिमाइंडरच्या मागचा डेटा जुना झाला होता. महाराष्ट्रातली पंचांगं बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. तो लिहिला गणेश दैवज्ञांनी, १५२० साली. हे नांदगावचे, म्हणजे केरूनानांच्याच किनाऱ्यावरचे, मुरूडजवळचे. ग्रहलाघव म्हणजे कमाल आहे: साइन-कोसाइनचं टेबल न वापरता ग्रह काढून देतो, आकडे वाढू नयेत म्हणून अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडतो. कमी मेमरीत बसवलेला प्रोग्रॅमच म्हणा ना. पण छोटी चूक दरवर्षी साठत गेली तर साडेतीनशे वर्षांत ती मोठी होतेच. ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी लागायचं.

केरूनानांनी १८६० साली ग्रहसाधनांची कोष्टके हे पुस्तक काढलं. युरोपातल्या ताज्या वेधांवरून तयार झालेली गणितं त्यांनी मराठीत अशा रूपात मांडली की साध्या जोशालाही कोष्टकात बघून, बेरीज-वजाबाकी करून ग्रहाची जागा काढता यावी. कोष्टक म्हणजे टेबल. आपण एसक्यूएलमध्ये जे बनवतो तेच, फक्त क्वेरी हाताने करायची. मग १८६५ पासून या कोष्टकांवरून पंचांग निघू लागलं. आबासाहेब पटवर्धनांचा त्याला मोठा आधार होता, म्हणून त्याचं नाव पटवर्धनी पंचांग.

आणि ते चाललं नाही. थोडे लोक सोडले तर कुणी घेईना.

याचं कारण शोधताना मी बराच अडकलो. कारण केरूनानांनी एकाच वेळी दोन बदल केले होते. पहिला तिथीचा. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. जुन्या नियमाने तिथी जास्तीत जास्त ६५ घटका आणि कमीत कमी ५४ घटका, म्हणजे २६ तास ते २१ तास ३६ मिनिटं. खरा चंद्र हे मानत नाही, त्याची तिथी २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत कुठेही असते. शास्त्री मंडळींनी धर्मशास्त्राचे दाखले काढले. तरी हा वाद निदान आकाशाकडे बघून सुटण्यासारखा होता. ग्रहणाच्या रात्री अंगणात उभं राहिलं की कोण बरोबर ते दिसतं.

दुसरा बदल शून्य कुठे धरायचं याचा. राशिचक्र सुरू कुठून होतं? केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा, झीटा पिशियम, हा आरंभ धरला. हिशेबाने ते स्वच्छ होतं, तारा दुर्बिणीत दाखवता येतो. पण चालू पंचांगांपेक्षा त्यामुळे साधारण चार अंशांचा फरक पडला आणि सगळ्या संक्रांती चार दिवस अलीकडे आल्या. तिळगूळ शेजारच्या घरात १२ जानेवारीच्या सुमारास आणि आपल्याकडे ८ ला! शिवाय अधिक महिना संक्रांतीवरून ठरतो, त्यामुळे एखाद्या वर्षी अख्खा सणांचा महिनाच वेगळा. दुसऱ्या बाजूने विसाजी रघुनाथ लेल्यांसारखे सायनवादी म्हणत होते की शून्य ताऱ्यावरून कशाला, संपातावरूनच धरा. शून्य कुठे हवं हे अंगणात उभं राहून कळत नाही. ते ठरवायचं असतं, आणि सगळ्यांनी मिळून.

आम्ही जेव्हा दोन बदल एकाच कमिटमध्ये टाकतो तेव्हा सर ओरडतात. केरूनानांना कुणी ओरडणारं नव्हतं. माझं मत विचाराल तर तिथी आधी सुधारली असती आणि शून्य तसंच ठेवलं असतं तर पटवर्धनी पंचांग घराघरात गेलं असतं. पण हे आज, निकाल माहीत असताना बोलणं सोपं.

ते १८७९ साली निवृत्त झाले आणि १८८४ च्या मार्चमध्ये वारले. पंचांग तेव्हाही थोड्यांचंच होतं.

पुढे टिळकांनी गुरूचा धागा उचलला. १९०४ साली मुंबईत पंचांगासाठी मोठी परिषद भरली, आणि रेवतीचा तारा धरणारं टिळक पंचांग आजही निघतं. काही वर्षी अधिक महिन्याच्या फरकाने त्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या समितीने १९५५ साली अहवाल दिला. त्यात ग्रहगणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं घेतलं, म्हणजे केरूनानांचा पहिला बदल स्वीकारला. शून्य मात्र चित्रा ताऱ्यावरून मोजलं, जुन्या पंचांगांच्या जवळचं. दुसरा बदल नाकारला.

आणि गंमत बघा, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय काम १९०४ साली हलवलं ते अलिबागला, केरूनानांच्या नागावच्या शेजारी.

आमचा बग एका ओळीत सुटला. सर्व्हरला भारतीय वेळ सांगितली, तारखेचा हिशेब तपासला, आणि त्या आजींना मी स्वतः जाऊन नवी वेळ देऊन आलो. त्यांनी एक मागणी केली, मेसेजमध्ये तारखेबरोबर तिथीही घाला, म्हणजे लक्षात राहते. आता तिथीचं कोष्टक जोडायचं काम चालू आहे. कुठल्या पंचांगाचं, यावर आम्हा तिघांत दोन दिवस भांडण झालं. शेवटी दवाखान्यात भिंतीवर जे टांगलंय तेच घ्यायचं ठरलं.