नोंदवहीपलीकडचा दरबार
नाताळच्या या मंगलदिनी आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. मातृवियोगानंतर बालवयात ते नाशिकला आले, येथेच शिकले. पत्नी लक्ष्मीबाईही जवळच्याच जलालपूरच्या. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेताच आप्त दुरावले, संसार मोडला. तो पुन्हा जुळण्यास कित्येक वर्षे लागली. एवढे मोल देऊन मिळविलेले सभासदत्व! परंतु केवळ मंडळीच्या नोंदवहीत नाव असणे त्यांना पुरेसे वाटेना. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही तेथे स्थान होते. आज मंडळीची घटती संख्या मोजणाऱ्यांना हे कितपत रुचेल, कोण जाणे! १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले. दरबार पुढे फार फोफावला नाही. त्यांची भजने मात्र मराठी उपासनेत अद्याप गायिली जातात.