कॉन्स्टंटच्या मागचा माणूस

थर्मो असो की सेमीकंडक्टर, एक छोटासा ‘के’ आपला पिच्छा सोडत नाही. १.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा आणि पेपर झाला की विसरायचा! हा ‘के’ ज्याच्या नावाने आहे त्या माणसाविषयी मी वाचलं आणि मग दोन दिवस अभ्यासात लक्ष लागेना. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या.)

लुडविग बोल्ट्झमन, जन्म २० फेब्रुवारी १८४४, व्हिएन्ना. त्या रात्री शहरात कार्निव्हलचा धिंगाणा, आणि उजाडताच उपवासाचा काळ सुरू. आपला मूड एकदम वर नि एकदम खाली का जातो, याचं कारण तो गमतीत हेच सांगायचा. तो १५ वर्षांचा असताना वडील गेले. तरी २५ व्या वर्षी पठ्ठ्या ग्राझला प्रोफेसर! १८७७ मध्ये त्याने एन्ट्रॉपीचं नातं थेट अणू-रेणूंच्या शक्य मांडण्यांशी जोडलं. त्या काळी अणू खरंच असतात हे बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांना मान्यच नव्हतं.

१८८५ मध्ये आई गेली आणि तो खचला. १८८८ मध्ये बर्लिनची मानाची जागा आली. आधी हो म्हणाला, मग डोळ्यांचं कारण देऊन नाही म्हणाला. पुढच्याच वर्षी ११ वर्षांचा मुलगा अपेंडिक्सने गेला. त्याचं दुखणं आपल्याला वेळेत ओळखता आलं नाही, हे त्याच्या मनातून गेलं नाही. नंतर म्युनिक, व्हिएन्ना, लाइपझिग, पुन्हा व्हिएन्ना, अशा नोकऱ्या बदलत राहिला. लाइपझिगमध्ये त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला होता.

आणि हाच माणूस १९०५ मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन शिकवून आला, वर त्या ट्रिपचं धमाल प्रवासवर्णन लिहिलं! हसणारा माणूस आजारी नसतोच असं आपण धरून चालतो ना, तिथेच फसतो. १९०६ मध्ये त्याला शिकवणंही जमेना. ५ सप्टेंबरला, बायको आणि मुलीबरोबर ट्रिएस्टजवळच्या दुइनोला सुट्टीवर असताना, त्याने आयुष्य संपवलं. वय ६२.

अणू न मानणाऱ्यांनी त्याला मारलं, अशी स्टोरी सगळीकडे सांगतात. मला ती पटत नाही. अणूवरून त्याच्याशी कडाडून भांडणारा ओस्टवाल्ड त्याचा मित्रच होता. वादात हरल्यामुळे नव्हे, तर अंगात मुरलेल्या आजारामुळे तो गेला, असं मला वाटतं. आज बरेच जण त्याला बायपोलर म्हणतात. मेलेल्या माणसाला तपासता येत नाही, त्यामुळे खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पण या आजारावर लिथियम चालतं हे जॉन केडने दाखवलं ते १९४९ मध्ये. बोल्ट्झमनच्या डॉक्टरांकडे ते नव्हतं. आपल्याकडे आहे.

दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशातच रस न उरणं, झोप-भूक बिघडणं, वाचलेलं डोक्यात न शिरणं, हा नुसता सबमिशनचा ताण नसू शकतो. उलट, कित्येक दिवस जेमतेम झोपूनही अंगात वारं भरल्यासारखं वाटणं, बोलणं न थांबणं, भलतेच प्लॅन करणं, हेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. आणि मरणाचे विचार कोणी बोलून दाखवले तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रेक्टर किंवा डॉक्टरांना गाठा. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, तेही चोवीस तास, मराठीतसुद्धा.

सेकंड इयरला माझा रूममेट महिनाभर पांघरुणातच असायचा. आम्ही त्याला ‘कुंभकर्ण’ म्हणायचो. लाज वाटते आता. शेवटी मेसच्या काकांनी विचारलं, हा जेवायला का येत नाही? तेव्हा कुठे आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. (हे त्याला विचारूनच लिहितोय.) औषधं अजून चालू आहेत, आणि थर्मोत त्याला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडलेत.