युंगचं तरी जमलं का?

कॉन्व्हेंटवाल्या मुलीचं मराठी कसं असतं ते अख्ख्या विंगला माहीत आहे. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, तेव्हा राहिलेल्या चुका तिच्या!

फर्स्ट इयरला आमच्या मजल्यावर पर्सनॅलिटी टेस्टचं फॅड आलं होतं. माझी आणि हिची चारही अक्षरं बरोबर उलटी निघाली. तुमचं काही जमायचं नाही, असा निकाल मैत्रिणींनी देऊन टाकला आणि आम्ही बावळटासारख्या दोन महिने धड बोललोसुद्धा नाही. शेवटी या भानगडीचा मूळपुरुष कोण म्हणून लायब्ररीत शोधलं, तर सापडला कार्ल युंग.

जन्म २६ जुलै १८७५, स्वित्झर्लंडमधलं केसविल गाव. वडील पाद्री. हा एकटा एकटा खेळणारा मुलगा. बाझेलला डॉक्टरकी केली, १९०० मध्ये झ्युरिकच्या मनोरुग्णालयात लागला. व्हायव्हापुरतं एवढं बास.

१९०७ मध्ये तो व्हिएन्नाला फ्रॉइडला भेटला आणि पहिल्याच भेटीत दोघं तेरा तास बोलत बसले! (आपल्या नाइट-आउटचं कसलं कौतुक.) फ्रॉइड १९ वर्षांनी मोठा, त्याला युंग आपला वारस वाटायचा. १९०९ मध्ये एकाच बोटीने अमेरिकेला गेले, वाटेत एकमेकांना स्वप्नं सांगत. मग मतभेद वाढले, आणि जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉइडने पत्र लिहून मैत्रीच संपवली. युंग पार कोलमडला. पुढची काही वर्षं त्याला सावरायला लागली.

मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. दोन हुशार माणसं एकाच पेशंटकडे बघून वेगळं का सांगतात, हा प्रश्न त्याला सोडेना. फ्रॉइड बाहेरच्या माणसांकडे, वस्तूंकडे बघतो, अ‍ॅडलर माणसाच्या आत बघतो. यातून १९२१ मध्ये 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हे पुस्तक आलं. बहिर्मुख-अंतर्मुख, विचार-भावना वगैरे त्यातलंच. म्हणजे ही थिअरी जमलेल्या जोडीतून नाही, तुटलेल्या मैत्रीतून आली! आणि आमची ती चार अक्षरांची टेस्ट युंगची नाहीच. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी बनवली, चौथी जोडी तर त्यांनीच वाढवली. माणसांवर लेबलं चिकटवत बसणं युंगला पटत नव्हतं.

आता घरचं. एम्माने आधी त्याला चक्क नकार दिला होता. नंतर लग्न झालं ते १४ फेब्रुवारी १९०३ ला (हो, तीच तारीख!). पाच मुलं झाली. पण टोनी वोल्फ ही त्याची आधीची पेशंट पुढे कित्येक वर्षं त्याच्या आयुष्यात राहिली, रविवारी त्यांच्या घरी जेवायलाही यायची. एम्माने घटस्फोटाचा विचार केला होता. जगाच्या मनाचा डॉक्टर, पण बायकोला काय सोसावं लागतंय ते दिसत नव्हतं का? या बाबतीत मी त्याला माफ करत नाही. एम्मा मात्र राहिली आणि स्वतः मानसोपचार करू लागली.

१९५५ मध्ये ती गेली. बोलिंगेनला तळ्याकाठी युंगने १९२३ पासून थोडं थोडं करून दगडी घर बांधलं होतं. तिथे वीज नव्हती, पाणी हापशाचं, लाकडं तो स्वतः फोडायचा. एम्मा गेल्यावर ऐंशी वर्षांच्या युंगने त्या घरावर आणखी एक मजला चढवला. ६ जून १९६१ ला तो गेला.