थोरांची ओळख : मैहरचे बाबा अलाउद्दीन खाँ



सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जण गिटार नाहीतर की-बोर्ड शिकायला जातात. परदेशात स्वतःची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हातांनी बनवायला शिकवणारे वर्गही भरतात. वाद्य हाताने घडवण्याची गोष्ट निघाली की आपल्याच मध्य प्रदेशातील एका गुरुजींची आठवण होते. ते म्हणजे मैहरचे बाबा, उस्ताद अलाउद्दीन खाँ.

बाबांचा जन्म आजच्या बांगलादेशातील शिबपूर गावचा. गाण्याच्या वेडापायी ते लहानपणीच घर सोडून कोलकात्याला आले. जवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती. अन्नछत्रात जेवायचे आणि मिळेल तिथे झोपायचे. नुलो गोपाल या गायक गुरूंनी त्यांना बारा वर्षे केवळ स्वरसाधना करण्याच्या अटीवर शिष्य केले. सुमारे सात वर्षे झाली आणि गुरू प्लेगने गेले. बाबांनी गाणे सोडले व ते वाद्यांकडे वळले. गोव्याचे बँडमास्टर लोबो यांच्याकडे व्हायोलिन, हजारी उस्तादांकडे सनई, अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद, असे जो शिकवील त्याच्याकडे ते शिकले. रामपूरच्या वझीर खाँ यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तर ते नवाबांच्या गाडीपुढे आडवे झाले, असे सांगतात.

पुढे मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना गुरू म्हणून आणले. 1918 च्या सुमारास देशभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली. मैहरमध्येही अनेक मुले पोरकी झाली. त्या मुलांना जमवून बाबांनी संगीत शिकवायला घेतले. ज्यांच्या घरी कधी वाद्य नव्हते, अशी ही मुले. त्यांना सूर, ताल आणि शिस्त देऊन बाबांनी त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे मैहर बँड म्हणून प्रसिद्ध झाला.

या वृंदात सतार, सरोद, हार्मोनियम, व्हायोलिन, चेलो अशी वाद्ये तर होतीच. पण काही वाद्ये बाबांनी स्वतः तयार केली होती. त्यांतले सर्वांत नवलाचे म्हणजे नलतरंग. जुन्या बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून त्या ओळीने मांडायच्या आणि छोट्या काठ्यांनी वाजवायच्या. नळी लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. कापताना जरा जास्त कापली गेली तर तो सूर हातचा गेलाच! म्हणून थोडे कापायचे, ऐकायचे, पुन्हा कापायचे. हात आणि कान दोन्ही तयार असल्याशिवाय हे काम होत नाही. सतार आणि बँजो यांचा मेळ घालून त्यांनी सतार-बँजोही केला. सरोदच्या रचनेत त्यांनी व त्यांचे भाऊ आयत अली खाँ यांनी महत्त्वाचे बदल केले.

बाबा फार कडक होते. चूक झाली की त्यांचा राग अनावर होई. शिष्यांना त्यांची भीती वाटे. पण विद्या देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. पुत्र अली अकबर, कन्या अन्नपूर्णादेवी, पंडित रविशंकर, निखिल बॅनर्जी, बासरीवादक पन्नालाल घोष हे सारे त्यांचेच शिष्य. इलेक्ट्रिक गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवून नाव कमावलेले व्हॅन शिपले हेही मैहरला त्यांच्याकडे शिकले होते.

बाबा पाच वेळा नमाज पढत आणि शारदामातेच्या दर्शनालाही जात. 1971 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागेही मैहरचा वाद्यवृंद वाजत राहिला.

मित्रांनो, ज्या नळ्यांतून एकेकाळी गोळी सुटायची, त्याच नळ्यांतून पोरक्या मुलांनी सूर काढले. एखादे वाद्य महाग आहे म्हणून शिकणे राहून जात असेल, तर मैहरच्या बाबांची आठवण जरूर ठेवा.