सुरांच्या मिळकतीवर उभे राहिलेले रुग्णालय

सेवेचे व्रत घ्यावयाचे तर आवडत्या कलेवर पाणी सोडलेच पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. अल्बर्ट श्वाइट्झर यांचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे. आफ्रिकेच्या अरण्यातील डॉक्टर म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. तथापि त्या डॉक्टरचे स्वातंत्र्य बव्हंशी चर्चमधील ऑर्गनने सांभाळले, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

१४ जानेवारी १८७५ रोजी, तेव्हा जर्मन अमलाखाली असलेल्या आल्सास प्रांतात त्यांचा जन्म झाला. वडील ल्युथरपंथीय धर्मोपदेशक होते. वयाच्या नवव्या वर्षीच हा मुलगा ग्युन्सबाख गावच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवू लागला. १८९३ मध्ये पॅरिसचे विख्यात ऑर्गनवादक शार्ल-मारी विदोर यांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. पुढे या शिष्याने गुरूलाच एक गोष्ट शिकविली. ल्युथरपंथीय भक्तिगीतांच्या चालींवर बाखने ज्या ऑर्गनरचना केल्या, त्यांतील अनपेक्षित वळणांचा उलगडा विदोर यांना होत नव्हता. श्वाइट्झर यांना त्या गीतांचे शब्द मुखोद्गत होते. पेटीवर वाजविलेला अभंग ऐकताना शब्द जाणणाऱ्याला जे उमगते, ते केवळ चाल ऐकणाऱ्याला उमगत नाही. तसाच हा प्रकार होता. विदोर यांच्याच आग्रहावरून त्यांनी बाखवर फ्रेंच ग्रंथ लिहिला. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९०८ मध्ये त्याची पुष्कळ विस्तारलेली जर्मन आवृत्ती निघाली.

तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत नाव मिळविलेला हा विद्वान १९०५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, वैद्यकीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसला. अंतिम परीक्षेचे शुल्क त्यांनी भरले ते म्युनिचच्या संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून मिळालेल्या मानधनातून. पॅरिसच्या ज्या मिशनरी संस्थेच्या ठाण्यावर त्यांना काम करावयाचे होते, तिच्या धुरिणांना त्यांची धर्ममते पसंत नव्हती. तेव्हा आपला व रुग्णालयाचा खर्च आपण उभारू, केवळ औषधोपचार करू आणि धर्मोपदेश करणार नाही, अशी हमी त्यांनी दिली. जो स्वतःचा खर्च स्वतः आणतो, त्याच्या मतांना लगाम घालणे कठीण असते, हे अर्थव्यवहारातील सत्य येथे स्पष्ट दिसते.

१९१३ मध्ये ते पत्नी हेलेन यांच्यासह आजच्या गॅबन देशातील, ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे पोहोचले. पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना ऑर्गनसारखे पायपट्टे जोडलेला, दमट हवामानात टिकेल असा एक पियानो भेट दिला होता. त्यावर त्यांचा रियाज चालू राहिला. पुढे महायुद्ध आले. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतीत श्वाइट्झर दांपत्य शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि १९१७ मध्ये त्यांना फ्रान्समधील बंदिछावणीत नेण्यात आले. सुटकेनंतर डोक्यावर रुग्णालयाचे कर्ज तेवढे उरले. १९२० मध्ये आर्चबिशप सोडरब्लूम यांच्या निमंत्रणावरून ते स्वीडनला गेले. तेथील व्याख्यानांच्या आणि ऑर्गनवादनाच्या उत्पन्नातून हे कर्ज फिटू लागले. १९२४ मध्ये ते लांबारेनेला परतले, ते ही वाट गवसल्यानंतरच.

परंतु ऑर्गन काही गावोगाव नेण्याचे वाद्य नव्हे. भात्याच्या हवेवर बोलणाऱ्या शेकडो नळ्या इमारतीतच बसविलेल्या असतात. ऐकणाऱ्यालाच तेथवर जावे लागते. ही अडचण ध्वनिमुद्रिकेने दूर केली. १९२८ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये, १९३५ मध्ये टॉवरजवळील ऑल हॅलोज चर्चमध्ये आणि १९३६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या सेंट ऑरेली चर्चमध्ये त्यांचे बाखवादन मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावे. त्यामुळे मोठ्या रचना तोडूनच ऐकाव्या लागत. तरीही या तबकड्या दूरदूरच्या घरांत पोहोचल्या आणि त्यांचे उत्पन्न रुग्णालयाच्या कामी आले. ऑल हॅलोज १९४० मध्ये आणि क्वीन्स हॉल १९४१ मध्ये बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. ते ऑर्गन आज नाहीत. त्यांचा नाद मात्र तबकड्यांत उरला आहे.

या कार्यातील उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. त्यांचे वादन संथ होते; पुढील पिढीत त्यांच्याहून कुशल वादक झाले. आफ्रिकी माणसाला बंधू मानतानाही ते स्वतःकडे थोरल्या भावाचा अधिकार घेत, आणि स्वातंत्र्याची पहाट पाहणाऱ्या आफ्रिकेला तो अधिकार खुपला, यात नवल नाही. रुग्णालयाच्या जुनाट व्यवस्थेवरही टीका झाली. १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्यातील रक्कम त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरली. ४ सप्टेंबर १९६५ रोजी लांबारेने येथेच त्यांचे निधन झाले.

परोपकाराला पैसा लागतो, हे मान्य करण्यास आपण संकोचतो आणि मग देणगीदाराच्या मर्जीवर संस्था चालवितो. श्वाइट्झर यांनी संकोच केला नाही. देणग्या त्यांनीही स्वीकारल्या. परंतु हातातील कला जिवंत ठेवून तिला कमावती केले, आणि म्हणूनच त्यांना कोणापुढेही मिंधे व्हावे लागले नाही. गाणे, चित्र किंवा लेखन सोडून समाजकार्याकडे वळू पाहणाऱ्या तरुणाने ते सोडण्यापूर्वी या हिशेबाचा एकदा विचार करावा.