बर्फावरच्या गाडीचा बाप: आर्मंड बम्बार्डियर आणि हवेचा शॉकअप

गुलमर्गला जाऊन आलेल्या कुणाची तरी रील तुम्ही पाहिलीच असेल. मोटारसायकलसारखं हँडल, पुढे दोन स्की, मागे बर्फाचा फवारा. लाइक मिळतो त्या फवाऱ्याला. पण ती गाडी बर्फात रुतत कशी नाही, आणि खाचखळग्यावरून उडून पडली तरी चालवणाऱ्याची कंबर शाबूत कशी राहते, हे सगळं गाडीच्या पोटाखाली ठरतं. तिथे एक रबरी पट्टा फिरत असतो आणि महागड्या गाडीत त्याच्या जोडीला हवेचे शॉकअप असतात. हे शॉकअप निवडायचे कसे आणि त्यात हवा किती ठेवायची, ते आज बघू. पण आधी या गाडीच्या बापाची गोष्ट सांगतो. त्याशिवाय हवेचं प्रकरण नीट डोक्यात बसणार नाही.

त्याचं नाव जोसेफ-आर्मंड बम्बार्डियर. मुंबईकरांना हे आडनाव ओळखीचं असेल. २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या नव्या लोकलना लोक ‘बम्बार्डियर लोकल’च म्हणायचे. तिच्याकडे शेवटी येऊ.

आर्मंडचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव व्हॅलकोर्ट, कॅनडाच्या क्विबेक प्रांतातलं. घरची भाषा फ्रेंच. वडील आधी शेती करायचे, मग त्यांनी गावात दुकान टाकलं. पोरगा थोरला आणि उचापती. हाताला येईल ते यंत्र खोलायचं, हाच उद्योग. घरातल्या वस्तू वाचाव्यात म्हणून वडिलांनी त्याला फोर्डच्या जुन्या मॉडेल-टी गाडीचं इंजिन देऊन टाकलं. ३१ डिसेंबर १९२२ ला, म्हणजे वयाच्या १५ व्या वर्षी, आर्मंड आणि त्याचा भाऊ लिओपोल्ड यांनी ते इंजिन एका घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातून चक्कर मारली. मागे उघडा फिरणारा पंखा, आजूबाजूला पोरंसोरं. वडिलांनी तिथल्या तिथे गाडी मोडायला लावली. बापाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आईवडिलांना वाटत होतं पोरानं पाद्री व्हावं. त्याला शेरब्रुकच्या धार्मिक विद्यालयात घातलंही. १७ व्या वर्षी त्यानं ते सोडलं आणि गॅरेजमध्ये उमेदवारी धरली. पुढे मॉन्ट्रियलला दिवसा काम, रात्री मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचे क्लास. इंग्रजीही तिथेच शिकला. मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगला जाऊन पहिल्या सेमिस्टरला पुस्तकाकडे बघत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १९ व्या वर्षी गावी परतून त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं, वडिलांच्या जामिनावर कर्ज काढून. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेकशी लग्न झालं.

गॅरेज उन्हाळ्यात जोरात चालायचं. हिवाळा आला की रस्ते बर्फाखाली जायचे, लोक मोटारी गोठ्यात उभ्या करायचे आणि पुन्हा घोडे जुंपायचे. काही महिने गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास तुटलेला. लोह्याकडच्या वाचकांना बर्फ माहीत नसला तरी हे कळेल. आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये शेतरस्त्याचं जे होतं, तेच. चाक फिरतं, गाडी जागची हलत नाही. पेशंटला बाजेवर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या गोष्टी आपल्याकडे म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळतात. आर्मंड हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग करत होता, एक जमली नाही की दुसरी.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. अपेंडिक्स. ऑपरेशन हवं होतं आणि हॉस्पिटल शेरब्रुकला, म्हणजे लोहा-नांदेडपेक्षा थोडं जास्त अंतर. रस्ता बर्फानं बंद. वर्कशॉपमध्ये बर्फगाडी होती, पण त्या दिवशी ती चालण्याच्या अवस्थेत नव्हती. मूल गेलं.

या घटनेनं तो शोधाच्या मागे लागला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते पुरतं बरोबर नाही. मागे तर तो १५ व्या वर्षापासूनच होता. पण दीड-दोन वर्षांत ज्या वेगानं त्याचं काम पुढे गेलं, ते बघता त्या दिवसाचा काही संबंध नसेल असं मला म्हणवत नाही.

१९३५ मध्ये त्याला जे सापडलं ते दिसायला साधं आहे. रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा. चाकाचे दाते पट्ट्याला पुढे ढकलतात, पट्टा बर्फावर अंथरला जातो आणि गाडी स्वतःच अंथरलेल्या रस्त्यावरून जाते. यामागचं गणित दहावीचं आहे: दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. चाक जमिनीला तळहाताएवढ्या जागेवर टेकतं, पट्टा चटईएवढ्या. वजन तेच, पण दर इंचावरचा भार कितीतरी कमी, म्हणून रुतणं कमी. लोखंडी पट्ट्याच्या गाड्या तेव्हा होत्याच, पण त्या जड होत्या. रबरामुळे वजन घटलं आणि दात्यांत बर्फ गोठून बसण्याचा त्रास कमी झाला. १९३७ मध्ये त्याला या रचनेचं पेटंट मिळालं.

त्याच सुमारास बी-७ आली: प्लायवूडची बंद केबिन, सात माणसं, पुढे स्की, मागे पट्टे. मग १२ माणसांची बी-१२, गोल खिडक्यांची. घेणारे कोण होते? डॉक्टर, टपाल खातं, अँब्युलन्सवाले, शाळेत पोरं पोचवणारे. १९४२ मध्ये कंपनी रीतसर नोंदवली गेली. महायुद्धात लष्करासाठीही त्यानं गाड्या केल्या.

१९४८ मध्ये क्विबेक सरकारनं गावाकडचे रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचे असं ठरवलं. लोकांसाठी ही चांगलीच बातमी, पण बम्बार्डियरची विक्री जवळपास निम्म्यावर आली. ज्या अडचणीवर त्यानं धंदा उभा केला होता ती अडचणच सरकारनं काढून घेतली. ॲप बनवणाऱ्यांना ही भीती माहीत आहे. तुमचं अख्खं ॲप उद्या फोनच्या पुढच्या अपडेटमध्ये एक बटण होऊन येतं.

त्यानं मग रस्ता नसलेल्या जागा शोधल्या. दलदल, जंगल, खाणी, तेलाची क्षेत्रं. शेतीच्या ट्रॅक्टरच्या चाकांवरून चढवायचा पट्टाही त्यानं काढला, चिखलात ट्रॅक्टर फसू नये म्हणून. ओल्या रानात रबरी पट्ट्यांचा हार्वेस्टर चालताना पाहिला असेल तर त्यामागची कल्पना याच जातीची.

एकदोन माणसांची हलकी बर्फगाडी हे त्याचं जुनं स्वप्न होतं. हलकं इंजिन मिळत नव्हतं आणि जोड नसलेला अखंड रबरी पट्टा बनत नव्हता. पन्नासच्या दशकात इंजिनं हलकी झाली, आणि पट्ट्याच्या कामात थोरला मुलगा जेर्मेंन सोबत होता. १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. नाव ठरलं होतं ‘स्की-डॉग’, झालं ‘स्की-डू’. छपाईची चूक म्हणतात. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या, चार वर्षांत आकडा आठ हजारांवर गेला. १८ फेब्रुवारी १९६४ ला आर्मंड कॅन्सरनं गेला. वय ५६.

आता शॉकअप. त्या पहिल्या स्की-डूच्या स्कीवर आपल्या जीपला असतात तसे पाटे होते आणि पट्ट्याच्या आत स्प्रिंगवर टेकलेली छोटी चाकं. वेग कमी होता, चालून जायचं. पुढे इंजिनाची ताकद वाढत गेली, लोक उड्या मारू लागले, तेव्हा सस्पेन्शन बदलावंच लागलं. हवेचा शॉकअप हे त्यातलं बरंच अलीकडचं पाऊल.

आधी एक गोंधळ काढून टाकू. शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं असतात. वजन पेलायचं आणि परत उसळायचं हे स्प्रिंगचं काम. ती उसळी आवरायचं काम आतल्या तेलाचं, म्हणजे डॅम्परचं. पल्सरच्या मागच्या शॉकअपवर ‘नायट्रॉक्स’ लिहिलेलं असतं, तिथला गॅस तेलात फेस होऊ नये म्हणून आहे. वजन पेलायला लोखंडी स्प्रिंग बाहेर दिसतेच. हवेच्या शॉकअपमध्ये ही लोखंडी स्प्रिंगच नसते. तिच्या जागी कोंडलेली हवा.

सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा ढकला. सुरुवातीला सहज जातो, शेवटी जाता जात नाही. लोखंडी स्प्रिंग दर इंचाला साधारण तेवढाच जोर वाढवते, हवा शेवटच्या इंचात एकदम कडक होते. म्हणून छोट्या खळग्यावर मऊ आणि मोठ्या उडीनंतर तळाला न आपटणारी, असं दोन्ही तिला जमतं. शिवाय वजन कमी, आणि ६० किलोच्या चालकानंतर ९० किलोचा बसला तर स्प्रिंग बदलायची गरज नाही, पंप मारायचा. बदल्यात काय द्यावं लागतं? सील खराब झालं तर हवा जाते. लांबलचक खडबडीत वाटेवर शॉकअप तापतो, आतला दाब वाढतो आणि गाडी हळूहळू कडक होते. म्हणून डोंगरातल्या ताज्या बर्फात, जिथे दर किलो मोजला जातो, तिथे मी हवा निवडेन. दिवसभर उखडलेल्या वाटेवर फिरायचं असेल तर लोखंडी स्प्रिंगच बरी.

ट्यूनिंगची सुरुवात मोजपट्टीनं करा. गाडीचा मागचा भाग उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळं करा, बंपरची उंची मोजा. मग पूर्ण कपडे, हेल्मेट, बॅगेसकट बसा आणि पुन्हा मोजा. फरक म्हणजे सॅग. साधारणपणे तो एकूण हालचालीच्या पाव ते तृतीयांश असावा, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. सॅग जास्त आला तर हवा वाढवा, कमी आला तर सोडा, दोनतीन पीएसआयच्या टप्प्यानं. दोन्ही स्कीच्या शॉकअपमध्ये हवा सारखीच हवी. काही शॉकअपमध्ये दुसरा छोटा कप्पा असतो. मुख्य कप्प्यानं गाडीची उंची आणि सुरुवातीचा मऊपणा ठरतो, छोट्यानं शेवटचा कडकपणा. उंची बरोबर आहे पण उडीनंतर तळाला आपटते, तर मुख्य कप्प्याला हात लावू नका, छोट्यात भरा. तेलाचे नॉब सगळ्यात शेवटी.

टायरचा पंप इथे चालत नाही. आतली जागा इतकी लहान की एका फटक्यात आकडा उडी मारतो. शॉकअपचा खास हातपंप घ्या. परत तपासायला पंप लावला की थोडी हवा पंपाच्या नळीत जाते आणि काटा खाली दिसतो. ती गळती नसते.

आणि थंडी. गॅरेजमध्ये २० अंशाला ६० पीएसआय भरून गाडी उणे २० अंशात नेली, तर काटा ५० च्या आसपास येतो. हवा कुठे गेलेली नसते, ती आकसते. उणे २० ला चालवणार असाल तर गाडी तासभर बाहेर उभी करा आणि मग भरा.

आर्मंडनंतर त्याची कंपनी रेल्वे आणि विमानांत गेली. स्की-डू २००३ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेली, रेल्वेचा धंदा २०२१ मध्ये आल्स्टॉमनं घेतला. मुंबईच्या त्या लोकलचे डबे चेन्नईत बनले, विजेची यंत्रणा बम्बार्डियरची. त्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंग आहेत, रबरी फुग्यांसारख्या. दादरला गर्दी आत घुसली की डबा किंचित दबतो, एक व्हॉल्व्ह उघडतो आणि फुग्यात आणखी हवा जाते. पुढे माणसं उतरली की तोच व्हॉल्व्ह हवा सोडतो. तिथे पंप घेऊन कुणाला बसावं लागत नाही.