कोहिमाचा सेनापती सातो

जपानी सैन्यात वरिष्ठांचा हुकूम उघडपणे मोडणारा सेनापती शोधू गेले तर सहसा सापडावयाचा नाही. शरण जाण्यापेक्षा मरण पत्करावे, हे तर त्या सैन्याचे बाळकडूच. अशा सैन्यातील एका डिव्हिजनच्या प्रमुखाने १९४४ च्या पावसाळ्यात, आणि तेही भारताच्या भूमीवर, आपली उपाशी माणसे हुकमाविरुद्ध मागे नेली. त्याचे नाव लेफ्टनंट जनरल सातो कोतोकू. जपानी रीतीप्रमाणे सातो हे आडनाव.

त्याचा जन्म ५ मार्च १८९३ रोजी उत्तर जपानातील यामागाता प्रांतात झाला. १९१३ साली तो लष्करी अकादमीतून बाहेर पडला. १९३८ मध्ये कोरियाच्या सीमेवर चांगकुफेंग टेकडीसाठी रशियनांशी लढाई जुंपली, तेव्हा ७५ वी रेजिमेंट त्याच्या हाताखाली होती. रशियन तोफा व रणगाडे यांच्या माऱ्याखाली त्याने टेकडी सोडली नाही. हे ध्यानात ठेवावयास हवे, कारण पुढे त्याच्यावर भेकडपणाचा शिक्का मारण्याचा प्रयत्न झाला.

त्या काळी जपानी अधिकाऱ्यांत दोन तट पडले होते. एक सम्राटभक्तीच्या नावाने धडाक्याची भाषा करणारा, दुसरा शिस्तीच्या व योजनेच्या मार्गाने जाऊ पाहणारा. सातो दुसऱ्या गटाचा, तर मुतागुची रेन्या हा पहिल्या गटाचा कडवा पुरस्कर्ता. दोघांचे वैर जुने होते. दैवयोग असा की, १९४३ साली ब्रह्मदेशातील १५ व्या सैन्याचा प्रमुख मुतागुची झाला आणि सातो त्याच्या हाताखाली आला.

सातोची ३१ वी डिव्हिजन मार्च १९४३ मध्ये बँकॉक येथे उभी राहिली. ५८ वी, १२४ वी व १३८ वी अशा तीन रेजिमेंट तिच्यात होत्या. पैकी १२४ वी रेजिमेंट ग्वादलकनाल बेटावर अन्नावाचून मरणाच्या दारी जाऊन आलेली होती. उपासमार म्हणजे काय हे त्या शिपायांना कुणी शिकवावे लागणार नव्हते.

मुतागुचीचा बेत असा: दोन डिव्हिजननी इंफाळ घ्यावे, आणि सातोने उत्तरेकडून कोहिमा घेऊन दिमापूर-इंफाळ रस्ता तोडावा. शिधा बरोबर तीन आठवड्यांचा. पुढचे शत्रूच्या कोठारांतून घ्यावयाचे. सामान वाहण्यास बैल, आणि वेळ आली की तेच कापून खावयाचे. चंगीझखानाची ही युक्ती होती म्हणे! चंगीझखानाला चिंदविन नदी व नागा डोंगर ओलांडावयाचे नव्हते, हे कोणी मुतागुचीला सांगितले नसावे. पुष्कळ बैल नदीतच बुडाले. सातोला हे आधीच दिसत होते. निघण्यापूर्वी त्याने आपल्या अधिकाऱ्यांना बजावले होते की, आपणा सर्वांच्या नशिबी बहुधा भुकेने मरणे आहे.

१५ मार्च १९४४ च्या रात्री डिव्हिजनने चिंदविन ओलांडण्यास सुरुवात केली. वाटेत संगशाक येथे ५० व्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडने मियाझाकी या सातोच्या दुय्यम सेनापतीला अडवले. या ब्रिगेडबरोबर आपल्या मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती. ज्या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे तिचे जवान त्या उघड्या डोंगरमाथ्यावर, थेंब थेंब पाण्यासाठी तरसत २६ मार्चपर्यंत झुंजले. शेवटी त्यांना माघार घ्यावी लागली, पण मियाझाकीचे जवळजवळ आठवडाभराचे दिवस तेथे गेले आणि माणसेही. कोहिमाच्या संरक्षकांना तेवढी सवड मिळाली.

एप्रिलच्या प्रारंभी सातो कोहिमाला पोचला. त्याच्याजवळ बारा ते पंधरा हजार माणसे. टेकडीवर अडीच हजार, त्यांत प्रत्यक्ष लढणारे दीड हजार. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातील टेनिस कोर्टाच्या एका कडेला एक सैन्य आणि दुसऱ्या कडेला दुसरे, अशी अवस्था झाली. १८ एप्रिल रोजी मदत येईपर्यंत टेकडी पडली नाही. कोहिमाला वळसा घालून सातोने ४६ मैलांवरील दिमापूर का घेतले नाही, म्हणून जनरल स्लिम याने त्याला मंदबुद्धी ठरवले आहे. मला हा न्याय पुरता पटत नाही. मुतागुचीने दिमापूरचा हुकूम दिलाही होता. पण त्याच्याही वरच्या कावाबे याने तो मागे घेतला. आणि तेथे गेलेल्या माणसांनी खावयाचे काय?

मे महिन्यात पाऊस कोसळू लागला. ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन एकेक मोर्चा परत घेत होती. जपानी शिपायांजवळ गोळ्या नाहीत, भात नाही. गवत व झाडपाला शिजवून ते दिवस काढीत. आजूबाजूच्या नागा गावांतील कणग्या तर त्यांनी आधीच रित्या केल्या होत्या. त्या गावकऱ्यांचे या युद्धाशी काही देणेघेणे नव्हते. तरी घरे त्यांची जळाली आणि धान्य त्यांचे गेले. सातोचे चरित्र लिहिताना ही बाजू झाकून चालणार नाही.

आश्वासनाप्रमाणे रसद कधीच आली नाही. सातोने तारेमागून तारा केल्या. अखेर १ जूनपूर्वी आपण कोहिमा सोडणार असे त्याने कळवले. मुतागुचीने लष्करी न्यायालयाची धमकी दिली. सातो डगमगला नाही. ३१ मे रोजी माघार सुरू झाली. मियाझाकी सुमारे साडेसातशे माणसांनिशी मागे रस्ता अडवण्यास राहिला. त्याचे शेवटचे अडथळे मोडून २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. इकडे उख्रूलला अन्न मिळेल या आशेने सातोची माणसे चिखल तुडवीत गेली, तर तेथे काहीच नव्हते. इंफाळकडे वळण्याचा नवा हुकूम मात्र तयार होता. आधी माझ्या माणसांना खाऊ घाला, मग हुकमाचे बोला, असा सातोचा पवित्रा. जुलैत त्याला पदावरून काढण्यात आले. मोहीमही त्याच महिन्यात गुंडाळण्यात आली.

सातोला खटला हवा होता. भरसभेत मुतागुचीचे वाभाडे काढावेत ही त्याची इच्छा. पण डिव्हिजनचा सेनापती खुद्द सम्राटाने नेमलेला. खटला म्हणजे सगळी लक्तरे टोकियोच्या वेशीवर टांगणे. तेव्हा वरिष्ठांनी सोयीचा मार्ग काढला. सातोच्या मनाचा तोल गेला आहे असे ठरवून त्याला जावा बेटावर धाडण्यात आले. त्याचे तोंड बंद झाले आणि वेडाचा डाग मात्र राहिला.

या मोहिमेत मुतागुचीने तिन्ही डिव्हिजनचे प्रमुख काढून टाकले. ऑगस्टअखेर त्यालाही जावे लागले. पुढे १९६६ मध्ये मरेपर्यंत तो आपला बेत बरोबर होता व हाताखालचे सेनापती चुकले असेच सांगत राहिला. सातोने उरलेले आयुष्य वाचलेल्या शिपायांच्या मदतीत आणि मेलेल्यांच्या स्मारकांच्या खटपटीत घालवले. २६ फेब्रुवारी १९५९ रोजी तो वारला. कोहिमाच्या त्याच टेकडीवर आज राष्ट्रकुल सैनिकांच्या १,४२० कबरी आहेत, आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख जवानांचे स्मारक. टेनिस कोर्टाच्या रेषा तेथे अजून आखून ठेवलेल्या आहेत.